दुसऱ्याचा माल आणि आपली बाटली

कडेचे आकडे बघ.

चित्रं राहू देत बाजूला. निगेटिव्ह खिडकीसमोर धर आणि फिल्मच्या कडेला बघ. तिथे फिल्मचं नाव आणि फ्रेमचे आकडे असतात. ते तुझ्या कॅमेऱ्याने काढलेले नाहीत. कारखान्यातच कडेला उजेड देऊन ते दडवलेले असतात आणि डेव्हलपर लागला की उमटतात. शटर अडकलं, उजेड कमी पडला, लेन्सवरचं झाकण काढायला विसरलास, तरी ते आकडे काळेकुट्ट यायलाच हवेत. चित्र पुसट आणि आकडे ठसठशीत, तर चूक फोटो काढताना झाली. चित्रही पुसट आणि आकडेही पुसट, तर चूक मोरीत झाली. तुझ्या रोलवरचे आकडे मला भिंग लावून शोधावे लागले. आता बोल.

नाही, तू बोललास ते पुष्कळ झालं. लाइट मीटर खोटं दाखवतं. दुकानदाराने जुना रोल गळ्यात मारला. काल्हेरचं पाणी खारट. मेचा उकाडा. एवढ्या सगळ्यांवर खापर फोडून झालं, पण मोरीतल्या बादलीमागची ती बाटली तेवढी निर्दोष सुटली. तिचं नावसुद्धा तुझ्या तोंडून निघालं नाही. का? तिचं नाव घेतलं की तुझं घ्यावं लागतं म्हणून?

ती बाटली मी बघितली आहे. पाण्याची लीटरची बाटली, अर्ध्याहून जास्त रिकामी. झाकण दुसऱ्याच कुठल्या बाटलीचं, आट्यांवर नीट बसतही नाही. आतला डेव्हलपर तपकिरी. वर मार्करने लिहिलेलं 'डेव्ह'. बस, एवढंच. कोणता डेव्हलपर, कधी कालवला, मूळ की पातळ केलेला, किती रोल धुतले, काही नाही. कधी कालवलास म्हणून विचारलं तर म्हणालास, दिवाळीच्या आसपास. आज जून आहे. आसपास म्हणजे काय रे? पणत्या लावण्याआधी की फराळ संपल्यावर? तारखेला आसपास नसतं. तारीख असते.

आणि हे सांगणारा माणूस पोटापाण्यासाठी काय करतो? काल्हेरला गोदाम सांभाळतो!

त्यावर मला हसावं की रडावं कळेना. कशेळीचा पूल उतरलं की काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडे, माणकोली, जिकडे बघावं तिकडे गोदामंच. अर्ध्या मुंबईच्या घरात जाणारी वस्तू आधी तिथे येऊन थांबते. माल सांभाळणं हा तुमच्या गावाचा धंदा आहे आणि त्यात तू काही नवशिका नाहीस. आवक-जावकीची नोंद तू ठेवतोस. खोक्यावरचा बॅच नंबर आणि मुदत बघितल्याशिवाय माल आत घेत नाहीस. जो माल आधी आला तो आधी बाहेर गेला पाहिजे, यावरून हमालांच्या अंगावर ओरडतोस. पावसाळ्याआधी पत्रे तपासून घेतोस, फरशीची ओल चढू नये म्हणून खाली लाकडी पॅलेट घालतोस, भिंतीपासून हातभर जागा सोडतोस. चिठ्ठी नसलेला एखादा ड्रम ट्रकमधून उतरला तर? फाटकाबाहेर उभा करशील. भिवंडीच्या गोदामांना लागणाऱ्या आगी तू जवळून बघितल्या आहेस. बिननावाचा द्रव म्हणजे काय भानगड असते, हे तुला मी सांगायचं?

दुसऱ्याच्या शांपूची मुदत तुला तोंडपाठ आहे. स्वतःच्या डेव्हलपरची माहीत नाही. लोक म्हणतात, आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून. तू त्यांच्याही पुढे गेलास. दुसऱ्याचं वाकून बघतोस आणि आपलं धड झाकूनही ठेवत नाहीस!

म्हणून मला राग येतो. अडाणी माणसाने हे केलं असतं तर चार गोष्टी समजावून सांगितल्या असत्या. तुला काय समजावायचं? तुला सगळं कळतं. कळून वळत नाही, त्याला माझ्याकडे शिकवणी नाही.

त्या रोलवर काय होतं, आठवतंय? रात्रपाळीचे हमाल. पावसाआधीची घाई, कंटेनरचं दार उघडं, पिवळ्या दिव्याखाली पाठीवर खोकी. मेट्रोच्या खांबाखाली बसून चहा पिणारे दोघे. महिनाभर त्यांच्यात ऊठबस केलीस तेव्हा त्यांनी कॅमेऱ्याकडे बघणं सोडलं. आणि तू त्यांना शब्द दिला होतास की प्रिंट आणून देईन. आता काय देणार? पाणी खारट होतं म्हणून सांगणार?

चल, पाण्यापासूनच सुरू करू. तुला वाटतं ना, ते तुझं सगळ्यात भक्कम कारण आहे.

खाडीकाठची बोअर, पाणी जड असणारच. जड पाण्यात डेव्हलपर कालवला तर गढूळ होतो, तळाला पांढरा साका बसतो. पण त्याने फिल्म पुसट होत नाही. फार तर डाग पडतील. लोखंड नाहीतर तांबं उतरलेलं पाणी मात्र वाईट, विशेषतः व्हिटॅमिन सी वर चालणाऱ्या एक्सटॉलसारख्या डेव्हलपरला. ते धातू ऑक्सिडेशन भराभर पुढे ढकलतात. मग उपाय काय? गॅरेजमध्ये बॅटरीला घालतात ते डिस्टिल्ड वॉटर. कॅनभर आण. ॲसिड नव्हे, पाणी. लेबल वाच, तेवढं तरी वाच. ते नसेल तर पिण्याचं पाणी खळखळून उकळ आणि झाकून निवव. उकळलं की पाण्यात विरघळलेली हवा निघून जाते. हा उपाय तुला ठाऊक नव्हता? होता. गेल्या वर्षी तूच मला सांगितला होतास, कुठल्याशा पुस्तकात वाचून. वाचलेलं वहीत राहिलं आणि बाटलीत नळाचं पाणी गेलं.

आता खरा गुन्हेगार. हवा. उजेड नव्हे, हवा. बाटलीला काळा कागद गुंडाळलास आणि झाकण ढिलं ठेवलंस, म्हणजे पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं सताड उघडं. डेव्हलपर म्हणजे काय? फिल्मवरच्या ज्या चांदीच्या क्षाराला उजेड लागला आहे त्याची चांदी करणारं रसायन. हे करताना ते स्वतः ऑक्सिडाइज होतं. समोर फिल्म नसली तर हवेतला ऑक्सिजन आहेच. तो रात्रंदिवस काम करतो. तुझ्यासारखा रविवारची वाट बघत नाही.

डी-७६ घे, तुझाच डेव्हलपर. कोडॅकचं हे सूत्र १९२७ सालचं. एका लीटरला मेटॉल २ ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम आणि सोडियम सल्फाईट १०० ग्रॅम. बघितलंस ना आकडे? काम करणारे दोघे मिळून सात ग्रॅम आणि त्यांचा राखणदार शंभर ग्रॅम. सल्फाईट इतरही कामं करतो, पण त्यातलं एक मोठं काम म्हणजे ऑक्सिजनच्या आडवं येणं. ज्यांनी हे सूत्र बांधलं त्यांनी तुझ्यासारख्यांचाच विचार केला असावा. तरी तू पुरून उरलास.

हिशेब कर. अर्ध्या रिकाम्या लीटरच्या बाटलीत अर्धा लीटर हवा. तिच्यात ऑक्सिजन शंभर मिलीलीटरच्या आसपास. तेवढ्याने फार तर ग्रॅमभर सल्फाईट खर्ची पडतो. एकदाच कोंडली असतीस तर डेव्हलपरने ती हवा पचवली असती. पण तू बाटली उघडतोस, वास घेतोस, रंग बघतोस, मित्राला दाखवतोस, पुन्हा बंद करतोस. प्रत्येक वेळी ताजी हवा आत. वर ते न बसणारं झाकण, म्हणजे बंद असतानाही उघडीच. शंभर ग्रॅमचा राखणदार किती दिवस उभा राहील?

कोडॅक डी-७६ ला काय मुदत देतं? काठोकाठ भरलेल्या, घट्ट बंद बाटलीत सहा महिने. अर्ध्या भरलेल्या बाटलीत दोन. पातळ केलेला असेल तर एकदा वापरायचा आणि ओतून द्यायचा. उद्यासाठी ठेवायचाच नाही. ही मुदतही गार खोलीतली. इल्फर्ड आपली रसायनं ५ ते २० अंशांत ठेवा म्हणून सांगतं. काल्हेरला २० अंश कधी असतात? जानेवारीत पहाटे. पत्र्याखालच्या खोलीत मेच्या दुपारी किती असतात ते तुला घामाने सांगितलंच असेल. तापमान दहा अंशांनी चढलं की अशा क्रियांचा वेग अंदाजे दुप्पट होतो, हे रसायनशास्त्रात शिकवतात आणि तू सायन्सला होतास. मी तर तुझ्याकडच्या भरलेल्या बाटलीला चार महिनेच धरीन. अर्धीला मुदत देणारच नाही, कारण अर्धी बाटली असताच कामा नये.

'पण बाई, डिसेंबरात धुतलेला रोल तर नेहमीपेक्षा झणझणीत आला होता!' आला होता. त्यातच तू फसलास. डी-७६ पडून राहिला की आतली क्षारता हळूहळू चढते आणि काही आठवडे तो उलट जोर धरतो. मग सुटतो. तुला जोर दिसला, तो आवडला, आणि तू ठरवलंस की जुना डेव्हलपरच बरा. गोदामात एखादं खोकं फुगलेलं दिसलं तर माल वाढला म्हणतोस का?

रंगावर विसंबू नकोस. रोडिनाल १८९१ पासून चालत आलेला डेव्हलपर; काळपट होतो, घट्ट दिसतो, आणि वर्षानुवर्षं काम देतो. एक्सटॉल पाण्यासारखा स्वच्छ दिसतो आणि कुठलीही खूण न देता मरतो. डोळ्यांना कळत नाही म्हणून तर तारीख लिहायची.

आणि डोळ्यांना कळवून घ्यायचंच असेल तर त्याचीही सोय आहे. रोल रिळावर चढवण्याआधी फिल्मची जीभ कापतोस ना, ती केरात टाकतोस. तिचा तुकडा दिवसाउजेडी डेव्हलपरमध्ये टाक. पाच मिनिटांत काळाकुट्ट झाला पाहिजे. राखाडी राहिला तर डेव्हलपर मेला. दुसरा तुकडा हायपोत, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या फिक्सरमध्ये, टाक आणि घड्याळ लाव. ताज्या हायपोत किती वेळात पारदर्शक होतो ते लिहून ठेव. त्याच्या दुप्पट वेळ लागायला लागला की हायपो संपला. पाच मिनिटांचं काम. फुकट. हमालांच्या रोलची किंमत त्या पाच मिनिटांएवढी होती. तू ती दिली नाहीस.

तुझ्या आजीने कैरीच्या लोणच्याची बरणी कशी भरली, ते बघितलंस ना? वर तेलाचा थर, फोड तेलावर डोकं काढेल तर ती खाली दाबायची, ओला चमचा घालायचा नाही, आणि रोजचं काढायला वेगळी छोटी बरणी. तिला ऑक्सिडेशन कुणी शिकवलं नव्हतं. तुला शिकवलं, तरी तू मोठ्या बरणीतच हात घालतोस.

छोटी बरणी म्हणजे काय करायचं ते ऐक. आणि या वेळी वहीत नको, हातात उतरव. तुझ्या छोट्या टाकीत एका रोलला सुमारे ३०० मिलीलीटर द्रव लागतो. एकास एक पाणी घालून धुतोस तर मूळ डेव्हलपर १५० मिलीलीटर. मग लीटरच्या एका बाटलीचं काम काय? कालवल्या दिवशीच दीडशे-दोनशे मिलीलीटरच्या तपकिरी काचेच्या बाटल्यांत भरून टाक. काठोकाठ, झाकण फिरवताना थेंब सांडला पाहिजे इतक्या. एक बाटली एका वेळी फोडायची. लागेल तेवढा घ्यायचा, उरला तर ओतून द्यायचा. बाकीच्या बाटल्यांना तोपर्यंत हवा लागतच नाही.

बाटल्या मिळत नाहीत, असं म्हणू नकोस. प्रिन्सेस स्ट्रीटला आख्खा बाजार आहे औषधांच्या आणि प्रयोगशाळेच्या सामानाचा. तेवढं लांब नको तर कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला विचार. खोकल्याच्या औषधाच्या काचेच्या बाटल्या घरात असतीलच. गरम पाण्याने धू, निथळ, वाळव, आणि जुनं लेबल पूर्ण खरवडून काढ. पूर्ण म्हटलं.

काच का, प्लास्टिक का नाही? कारण प्लास्टिक श्वास घेतं. पाण्याच्या बाटलीचं पीईटी त्यातल्या त्यात बरं, दुधाळ मऊ प्लास्टिक त्याहून वाईट. आणि तू ती बाटली दाबून हवा काढतोस ना, मोठी युक्ती केल्यासारखी? दाबलेलं प्लास्टिक परत फुगायला बघतं आणि झाकणाच्या फटीतून हवा ओढून घेतं. घडीची बाटली घेऊ का म्हणून विचारलंस, तिच्या घड्यांचं प्लास्टिक तर आणखी पातळ आणि आत घाण अडकते ती वेगळीच. काचेच्या गोट्या टाकून पातळी वर आणायची युक्ती चालते, पण गोट्या प्रत्येक वेळी धुवाव्या लागतात. ज्याला बाटली धुवायचा कंटाळा तो पन्नास गोट्या धुणार? लायटरचा गॅस सोडतात काही जण. ब्यूटेन हवेपेक्षा जड, द्रवावर पसरून राहतो. तुझ्या घरात मोरी आणि शेगडी यांच्यात चार पावलं आहेत. तो उद्योग तू करायचा नाहीस. विषय संपला.

पावडरचं पाकीट उघडून त्यातले चार चमचे काढतोस, ते कुणी शिकवलं? मी नाही. पाकिटातलं मिश्रण एकसारखं नसतं. वाहतुकीत बारीक कण खाली बसतात, जाड वर राहतात. चार चमच्यांत मेटॉल किती आला आणि सल्फाईट किती, हे तुला सांगता येईल? वर उरलेलं पाकीट रबर लावून ठेवलंस, पावसाळ्यात, खाडीकाठी! पाकीट फोडलं की सगळं कालवायचं. एवढं लागत नसेल तर सुटी रसायनं घे आणि लागेल तसा लीटर-लीटर कालव. सुकी रसायनं घट्ट बरणीत वर्षानुवर्षं टिकतात. तुझ्या गोदामात बुटांच्या खोक्यांतून सिलिका जेलच्या पुड्या सांडलेल्या असतात, त्यातल्या दोन प्रत्येक बरणीत टाक. हे तुला सुचलं कसं नाही? दिवसभर त्या पुड्या झाडूने लोटतोस.

कालवताना पाणी ५० अंशांच्या आसपास, आधी चिमूटभर सल्फाईट, मग मेटॉल पूर्ण विरघळेपर्यंत थांबायचं, मग बाकीचा सल्फाईट. घाईने सगळा सल्फाईट आधी टाकलास तर मेटॉल विरघळत नाही. घुसळायचं नाही, हळू ढवळायचं. घुसळणं म्हणजे आपल्या हाताने हवा घालणं.

आता फ्रिज. यावर मी आवाज चढवणार आहे, तू ऐकून घेणार आहेस.

उकाड्यावर उपाय म्हणून तू काय केलंस? हायपो शीतपेयाच्या बाटलीत भरून फ्रिजच्या दारात ठेवलास. दारात, पाण्याच्या बाटलीशेजारी. घरात तुझ्या बहिणीचा चार वर्षांचा मुलगा आहे. तो दुपारी तहान लागली की फ्रिज उघडतो आणि ओळखीच्या आकाराची बाटली ओढतो. त्याला तुझं 'फिक्स' वाचता येतं का? हायपो त्यातल्या त्यात सौम्य. शेजारी उद्या डेव्हलपर ठेवला असतास. हायड्रोक्विनोन पोटात जाण्याची वस्तू नाही, मेटॉल कातडीवरसुद्धा पुरळ उठवतं. गोदामात खाण्याचा माल आणि रसायन एका रांगेत लावलं असतंस तर तुला त्याच दिवशी घरी बसवलं असतं, आणि योग्य केलं असतं. आपल्या भाच्यासाठी एवढाही नियम नाही?

आणि डेव्हलपर तिथे ठेवून तरी काय साधलं असतं? डेव्हलपर फार गार झाला की आतली रसायनं स्फटिक होऊन तळाशी बसतात, मग परत विरघळायला वेळ घेतात. फ्रिजमध्ये फिल्म ठेवायची. रसायनं नाही. न धुतलेला रोल हवाबंद डबीत घालून ठेव, खुशाल राहील. रसायनांची जागा घरातली सगळ्यात गार जमीन: ओट्याखालच्या कडप्प्याच्या कप्प्यात, आतल्या बाजूला, कुलपाच्या पेटीत. पोटमाळ्यावर नाही. खिडकीत नाही. आणि मोरीतल्या बादलीमागे तर नाहीच.

पुन्हा सांगते, खाण्यापिण्याची बाटली नाही. अजिबात. रिकामी असली तरी नाही, आजच्या दिवसापुरती तरी नाही.

हायपो उन्हात तापला की त्यातून गंधक सुटतं. पांढरट-पिवळा गढूळपणा आला, तळाला भुकटी बसली, की टाकायचा; गाळून वापरायचा नाही. हायपोचा थेंब डेव्हलपरमध्ये पडला तर डेव्हलपर नासतो, फिल्मवर धुकं येतं. म्हणून झाकणांची अदलाबदल नको, मोजपात्र एक नको. डेव्हलपरला तांबडी पट्टी, हायपोला निळी, झाकणालाही तीच. रंगांच्या पट्ट्या लावून माल ओळखायला तुला मी शिकवू?

आणि या अवस्थेत तू मला रंगीत फिल्म घरी धुऊ का म्हणून विचारतोस! सी-४१ चा डेव्हलपर ३८ अंशांवर चालतो आणि कालवल्यावर महिना-दीड महिना टिकतो, तोही नीट ठेवला तर. ब्लीच आणि फिक्स एकत्र केलेला ब्लिक्स तर मुळातच एकमेकांशी न पटणाऱ्या दोघांना एका बाटलीत कोंडल्यासारखा. ज्याला सहा महिन्यांची गोष्ट सांभाळता येत नाही त्याने सहा आठवड्यांची हौस करू नये. करायचीच असेल तर किटवर जितके रोल लिहिलेत तितके आधी जमव, फ्रिजमध्ये ठेव, मग एका आठवड्यात सगळे धू आणि मोकळा हो. पण ते पुढचं. आधी काळंपांढरं सांभाळ.

'घर लहान आहे बाई.' हेही ऐकलं. १९१२-१३ साली दादरच्या मथुरा भवनात फाळके राहतही होते आणि 'राजा हरिश्चंद्र' घडवतही होते. दिवसा चित्रीकरण, रात्री फिल्म धुणं. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करायच्या, कपडे धुवायच्या, कोऱ्या फिल्मला कडेची भोकं पाडायच्या आणि रसायनं कालवायच्या. पदरात पोरं होती. कच्ची फिल्म परदेशातून यायची. नासली तर कोपऱ्यावरून दुसरी आणता येत नव्हती. ३ मे १९१३ ला तो चित्रपट गिरगावात कॉरोनेशनला लागला. बाहेरची दृश्यं काढली वांगणीला. वांगणी उल्हास नदीच्या काठची, आणि तीच उल्हास बदलापूर, कल्याण करत तुझ्या काल्हेरच्या मागून वाहते. रसायनं कालवायला त्या बाईला ना वातानुकूलित खोली होती, ना डिजिटल काटा. तुझ्याकडे एक ओटा आहे, दोन तास आहेत, आणि काटा मी देते म्हटलं होतं.

नदीचं नाव निघालंच आहे तर वापरलेला हायपो कुठे ओततोस ते सांग. मोरीत. मोरी गटारात, गटार खाडीत. तुझ्या घरात अजून खाडीची मासळी शिजते ना? वापरलेल्या हायपोत तुझ्या फिल्ममधली विरघळलेली चांदी असते. पाण्यातल्या जीवांना ती चांगली नाही. जिथे अजून फिल्मवर एक्स-रे काढतात ते दवाखाने तोच हायपो चांदी काढणाऱ्यांना विकतात, आणि तू वर पाणी ओतून वाहून देतोस. एका कॅनमध्ये साठव. त्यात लोखंडी लोकरीचा गोळा टाकून ठेवलास तर चांदी त्यावर काळ्या गाळासारखी बसते. कॅनवर नाव लिही. भरला की दे एखाद्या एक्स-रेवाल्याला, तो आपल्यात मिसळून घालवेल. नाही म्हणाला तर दुसऱ्याला विचार. गोदामात रिकामे ड्रम खपवायला दहा जणांना फोन करतोस.

रविवारी ये. ती दिवाळीची बाटली आणू नकोस, मला तिचं दर्शन नको. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आण, सहा तपकिरी बाटल्या धुऊन वाळवून आण, चिकटपट्टी आणि न पुसणारा मार्कर आण. मेटॉल, हायड्रोक्विनोन माझ्याकडे आहे. तू मोजायचंस, तू कालवायचंस, मी खुर्चीत बसून बघणार. प्रत्येक बाटलीवर तारीख तुझ्या अक्षरात. शिवाय गोदामातल्या आवक-जावकीच्या वहीसारखी एक वही, त्यात बाटली कधी भरली, कधी फोडली, कोणता रोल धुतला. दहाला ये. सव्वादहाला आलास तर दार उघडणार नाही.